वेगळ्या चुलीचं धान्य

“म्हणजे माझा पोरगा कामाला जातो हाच माझा गुन्हा झाला म्हणा की!”

तोफमावशीचा आवाज धान्य कचेरीच्या पत्र्यावर आपटून खाली आला, तशा रांगेतल्या बाया तोंडावर हात ठेवून हसल्या. तिला गाव तोफ म्हणायचं ते उगाच नाही. या बांधावरून ती बोलली की त्या बांधावरचं जनावर चरायचं थांबून मान वर करायचं. पण आज तोफेतली दारू ओली होती. घरातला तांदळाचा डबा खडखडत होता, आणि खिडकीपलीकडचा कारकून मान हलवत होता.

“मावशी, मी काय करू? एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, असा नियम आहे. मुलाचा पगार, सुनेची मजुरी, तुमची मजुरी, सगळं एका ठिकाणी धरायचं. ते धरलं की तुम्ही उत्पन्नाच्या मर्यादेच्या वर जाता.”

“वर? अहो, आम्ही कधी वर गेलो? आमच्या घरात ताठ उभं राहिलं तर छप्पर डोक्याला लागतं!”

“जरासंच वर जाताय. केसभर.”

“मग तो केस कापून टाका की.”

“मी काय न्हावी आहे? चला, पुढचं कोण?”

रांगेत पुन्हा खसखस पिकली. मावशीने आपली रिकामी पिशवी झटकली, कारकुनाच्या सात पिढ्यांना मनातल्या मनात काय द्यायचं ते दिलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसली.

ऊन नुसतं भाजत होतं. त्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी पावसाने दारात डोकावल्यासारखं केलं आणि पाठ फिरवली. जमीन टाचेसारखी भेगाळली. पेरलं त्यातलं निम्मं उगवलंच नाही, आणि पीकच नाही तिथं खुरपायचं काय? मावशी आणि तिची सून, दोघी खुरपणीच्या मजुरीवर जायच्या. पूर्वी लोक घरी येऊन हाका मारायचे. आता ह्याच दारोदार विचारत फिरायच्या. मुलगा दूध संकलन केंद्रावर कॅन उचलायला होता. त्याला महिन्याचा पगार होता, पगाराची चिठ्ठी होती, आणि त्या चिठ्ठीनेच घात केला होता. कारण पगारातलं अर्धं त्याच्या बापाच्या औषधात जातं, हे काही त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसायचं.

बाप म्हणजे मिस्त्री. अख्खं गाव त्याला मिस्त्रीच म्हणे, मावशीसुद्धा. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. पण दगड फोडून, चुना चाळून आयुष्यभराची धूळ छातीत साठली आणि माणूस भात्यासारखा वाजायला लागला. दारातून विहिरीपर्यंत गेला तरी वाटेत दोनदा टेकायचा.

“मावशी,” कचेरीचा शिपाई झाडू टेकवून जवळ आला. “एवढं बोललात आत, पण कारकून काय म्हणाला ते ऐकलंत का?”

“बहिरी आहे का मी? नाही म्हणाला.”

“तो म्हणाला, एका चुलीवर जेवणारे.” शिपायाने आजूबाजूला बघितलं. “मग चूल दोन करा. तुम्ही आणि मिस्त्री वेगळे, पोरगा वेगळा. म्हातारी दोन माणसं, एकीची मजुरी, दुसरा आजारी. असे बसाल मर्यादेत की कोणी बोट दाखवायचं नाही.”

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. “वेगळं निघू? एकुलत्या एक पोरापासून?”

“कोण म्हणतं निघा? दाखवा. निम्म्या गावाने हेच केलंय.”

*

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिने विषय काढला. पाच माणसं एका पातेल्याभोवती गोल बसलेली. मावशी वाढायची, सून पाणी द्यायची, मिस्त्री खोकत खोकत चार घास खायचा, पोरगा मान खाली घालून जेवायचा आणि नात आजीच्या मांडीवर बसून आजीच्याच हाताने खायची. नात चार वर्षांची. तिला सगळे चिमणी म्हणत.

मावशीचं बोलून होईपर्यंत सुनेच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“नको, आत्याबाई,” ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. “लोक काय म्हणतील? म्हाताऱ्या माणसांना मीच बाहेर काढलं म्हणतील. माझ्या आईच्या कानावर गेलं तर ती मला दारात उभी करणार नाही.”

“अगं, खोटं खोटं! शेतात बुजगावणं उभं करतात, तसं. बुजगावण्याला काय कोणी जावई करून घेतं?”

“तरी नको वाटतं.”

“नको वाटून पोट भरतं का? डब्यात हात घालून बघ. बोटाला तळ लागतोय. तू रे, तुझं काय?”

पोरगा म्हणाला, “तू म्हणशील तसं.” तो कायम हेच म्हणायचा.

“मिस्त्री?”

मिस्त्रीने खोकला आवरला. “चूल मांडायची तर मध्ये भिंत लागेल.”

“मग घाला की. तेवढं तर येतं तुम्हाला!”

सून त्या रात्री नीट जेवली नाही. मावशीने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. काम करायचं ठरलं की तिला मागे वळून बघायची सवय नव्हती.

*

मावशीचा बेत साधा होता. चार काठ्या उभ्या करायच्या, वर माती लिंपायची, म्हणजे झालं. पण मिस्त्रीने अंगणात जुन्या विटांचा ढीग होता तो पोराकडून आत आणवला, माती कालवायला लावली आणि माळ्यावरची थापी काढली. पोरगा माती द्यायचा, सून वीट हातात द्यायची. एक थर झाला की मिस्त्री भिंतीलाच पाठ लावून बसायचा, छाती वर-खाली व्हायची, ओठ निळे पडायचे. श्वास जाग्यावर आला की पुन्हा उठायचा आणि दोरीला बांधलेला ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघायचा.

“अहो, ओळंबा कशाला?” मावशी ओरडली. “नाटकाचा पडदा आहे हा! उद्या काढून टाकायचाय.”

“भिंत आहे,” मिस्त्री म्हणाला. “वाकडी घातली तर पोरीच्या अंगावर पडेल.”

“जीव जाईल तुमचा.”

“मग नीट भिंत घालून जाऊ दे.”

भिंत छपरापर्यंत गेली. पलीकडच्या खोलीला अंगणात उघडणारं वेगळं दार पाडलं. घर एकच, पण आता त्याला दोन तोंडं झाली. अलीकडच्या खोलीत जुनी चूल राहिली, म्हणजे मावशीची. पलीकडे सुनेने नवी मांडली. तिच्यावर हात फिरवून गुळगुळीत केली आणि तशीच कोरी ठेवून दिली. जेवण आधीसारखंच, एका पातेल्यात. फक्त बाहेर कोणाची चाहूल लागली की सून आपलं ताट उचलून पलीकडे पळायची आणि पाठोपाठ चिमणी खिदळत पळायची. तिला तो खेळच वाटायचा.

मावशीने धान्याच्या वेगळ्या कार्डासाठी अर्ज टाकला. तपासणीच्या बाई आल्या त्या भर दुपारी, पायी, धुळीने माखून. मावशीने त्यांना पाणी दिलं. बाईंनी ते प्यायलं, आभार मानले, दोन्ही खोल्या बघितल्या. भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाल्या, “छान बांधलीय.” मिस्त्री लाजला. मग पलीकडच्या चुलीपाशी बसून त्यांनी आत हात घातला.

“हिच्यात काडीसुद्धा जळलेली नाही.”

सून दाराआड सरकली.

“बाळ, तू कुठे जेवतेस?” त्यांनी चिमणीला विचारलं.

“आजीकडे!” चिमणी फुशारकीने म्हणाली. “आजी मला भरवते. आईला पण वाढते. कोणी आलं की आम्ही पळतो.”

सुनेने डोळे मिटून घेतले. मावशीने चिमणीला मागे ओढलं.

बाई उठल्या. माणूस वाईट नव्हता तो. “मावशी, आज मी काही लिहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पण परत येईन, आणि केव्हा येईन ते सांगणार नाही. माझ्यावरही कोणीतरी बसलंय. वेगळे असाल तर वेगळे राहा. नसाल तर अर्ज मागे घ्या.”

त्या गेल्या. मावशीने कपाळाला हात लावला, पण घटकाभरच. “पेटव गं ती चूल,” ती सुनेला म्हणाली. “आजपासून खरंच वेगळं रांधायचं. हातात धान्य येईपर्यंत. मग बघू.”

सुनेने चूल पेटवली. ओली माती धुमसली आणि सगळ्या खोलीत धूर झाला. सून डोळे पुसत होती. धुराने की कशाने, ते मावशीने विचारलं नाही.

आणि मावशीने आणखी एक काम केलं. चिमणीला तिने अंगणात समोर बसवलं. हातात साखरेची पुडी घेतली.

“कुठे जेवतेस?”

“आजीकडे.”

“नाही. आईकडे म्हणायचं. कुठे जेवतेस?”

“आईकडे.”

“आजीकडे जेवतेस?”

“हो.”

“नाही गं माझे बाई! आजीचं वेगळं म्हण.”

“का?”

“म्हण तू. साखर देते.”

“आजीचं वेगळं.”

“शाबास.” मावशीने तिच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवली. असं रोज चाललं. पोरगी हुशार. पुढे पुढे साखर न देताही बोलायला लागली. विहिरीवर कोणी विचारलं, “काय चिमणे, जेवलीस का?” की ही लगेच, “आईकडे जेवले. आजीचं वेगळं.” विहिरीवरच्या बाया एकमेकींकडे बघायच्या.

बाई पुन्हा आल्या तेव्हा दोन्ही चुली धगधगत होत्या आणि चिमणीने पाठ केलेलं न अडखळता म्हणून दाखवलं. बाईंनी लिहून घेतलं. मावशीला आणि मिस्त्रीला दोघांचं मिळून एक कार्ड मिळालं.

*

पहिल्यांदा धान्य आलं त्या दिवशी मावशी पोतं डोक्यावर घेऊन अख्ख्या गावातून मिरवत आली. तिने जरा जास्तच भात शिजवला, भांडं ताटाने झाकलं आणि अंगणातून फिरून सुनेच्या दारात नेऊन दिलं. “खा. सरकारने पाठवलाय जावयाला.” सगळे हसले. काही दिवस असंच चाललं. भांडी अंगणातून इकडून तिकडे जायची. सून कालवण पाठवायची, मावशी भात पाठवायची.

मग कोंबडीवालीचं कार्ड गेलं.

कोंबडीवाली म्हणजे दोन घरं सोडून राहणारी विधवा. तिनेही भावापासून अशीच चूल वेगळी काढली होती. कोणीतरी जाऊन कचेरीत सांगितलं की हिचं ताट भावाच्या घरी जातं. तिला बोलावून घेतलं, कार्ड जमा करून घेतलं, वर सगळ्यांसमोर खोटारडी म्हणाले. ती परत येताना रस्त्यात कोणाशी बोलली नाही. तिच्या कोंबड्या त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खुराड्यातच ओरडत होत्या.

त्या संध्याकाळी मावशी भाताचं भांडं घेऊन अंगणात उतरली, तर सून तिच्या दारात आडवी उभी.

“नको, आत्याबाई. कोणी बघेल.”

“अंधार पडलाय की.”

“तरी नको. मामंजींचं औषध, तुमचं जेवण, त्या कार्डावर तर चाललंय सगळं. तुमचं कार्ड गेलं तर माझ्यामुळे गेलं म्हणतील.”

बोलणं खोटं नव्हतं. मावशी भांडं घेऊन परत आली. जास्तीचा भात दुसऱ्या दिवशी तिने आणि मिस्त्रीने गार खाल्ला. त्यानंतर तिने दोघांपुरतंच शिजवायला सुरुवात केली. हाताला ते माप यायला बरेच दिवस लागले.

दिवस असे जायला लागले. शेतावर दोघी बरोबरच जायच्या. कांद्याच्या रानात वाफ्याला वाफा लावून बसायच्या. जमीन इतकी कडक की खुरपं लागलं की खणकन वाजायचं. दुपारी एकाच झाडाखाली टेकायच्या, पण डबे दोन. मावशी सवयीने सुनेच्या डब्यात हात घालायला जायची आणि मध्येच थांबायची. सून म्हणायची, “घ्या ना.” मावशी म्हणायची, “असू दे, आहे माझं.” आणि दोघी दोन दिशांना तोंड करून जेवायच्या.

एके संध्याकाळी मावशी मिस्त्रीला वाढत होती, तेव्हा भिंतीपलीकडून हसू ऐकू आलं. आधी सुनेचं, मग पोराचं. पोरगा कसली तरी नक्कल करत होता, केंद्रावरच्या मुकादमाची असावी, आणि सून “पुरे, पुरे, ठसका लागेल” म्हणत होती. लसणाची खमंग फोडणी छपराखालच्या फटीतून इकडे येत होती. मिस्त्रीला खोकला लागतो म्हणून मावशीने घरात तशी फोडणी कधी करू दिली नव्हती.

“हा नकला करतो?” मावशी हळूच म्हणाली. “मला कधी माहीतच नाही.”

मिस्त्री घास चावत राहिला.

“इथं जेवताना तर तोंडातून शब्द निघायचा नाही.”

“तू बोलायचीस,” मिस्त्री म्हणाला. “मग दुसऱ्याला जागा कुठे?”

एरवी मावशीने त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी ती ताट पुढ्यात घेऊन बसून राहिली.

*

शिपाई सायकल दामटत कांद्याच्या रानात आला तेव्हा वारा सुटला होता. तोंडात माती जात होती.

“मावशी! पेढे काढा!” तो बांधावरूनच ओरडला.

“आधी बातमी काढ! पेढे तुझ्या तोंडाकडे बघून ठरवते.”

“मर्यादा वाढली! नवा नियम आला. आता तुमच्या पोराचा पगार धरूनसुद्धा तुम्ही सगळे बसता. पाचही माणसांना धान्य. एकाच कार्डावर. लपवाछपवी नको, काही नको.”

मावशी ताडकन उठली. इतके दिवस दाबून ठेवलेला आवाज एकदम सुटला. “ऐकलंस का गं? अगं ऐकलंस का? संपले ते भोग! चल, ऊठ. आजच पाडू ती भिंत. आज एका पातेल्यात भात शिजवते. तुला पाहिजे तेवढा लसूण घाल त्याच्यात, मिस्त्री खोकला तर खोकू दे!”

सून वाफ्यातच बसून होती. तिने शिपायाला विचारलं, “आणि वेगळं राहिलं तर?”

शिपायाने मावशीकडे बघितलं, मग सुनेकडे. “वेगळं राहिलं तर… तुमचंही बसतं. तुमचं दुसरं कार्ड होईल. तेवढंच धान्य, फक्त दोन ठिकाणी. ते तुमच्यावर आहे.”

मावशीच्या कानात ते शिरलंच नाही. ती खुरपं खोचून वाटेला लागलीसुद्धा. घरी पोचली ती थेट कोपऱ्यातली पहार उचलून भिंतीपुढे उभी राहिली. मिस्त्री बाजेवर उठून बसला. पोरगा नुकताच कामावरून आला होता. तो दारात थबकला.

“धर रे,” मावशीने पहार त्याच्या पुढे केली. “वरून सुरुवात कर. विटा फुटू देऊ नको, कामाला येतील.”

पोराने पहार धरली, पण उचलली नाही. तेवढ्यात सून धापा टाकत आली.

“आत्याबाई, थांबा.”

“आता काय थांबायचं? पाडली की झालं.”

“नको पाडायला.”

वारा दारातून आत येत होता आणि चुलीतली राख जमिनीवर भुरभुरत होती. मावशी म्हणाली, “म्हणजे?”

सुनेने चिमणीला जवळ ओढून घेतलं, जणू हात कुठे ठेवावे ते तिला कळत नव्हतं. “तुम्ही मला कधी उपाशी ठेवलं नाही,” ती म्हणाली. “मी कोणाकडे वाईट सांगायची नाही. पण या घरात आले तेव्हापासून तुम्ही वाढाल तेवढं आणि तुम्ही वाढाल तेव्हा जेवले. पहिल्या दिवशी ती चूल पेटवली तेव्हा मी रडले. तुम्ही बघितलंत. मला वाटलं, आपलं घर मोडलं. मग रोज पेटवायला लागले.” ती थांबली. “मला किती मीठ आवडतं ते मला ठाऊकच नव्हतं, आत्याबाई.”

“मीठ?” मावशी म्हणाली. “मिठासाठी वेगळं राहायचं? अगं, मग आधी सांगायचं! घातलं असतं मी जास्त.”

“तुम्हीच घातलं असतं,” सून म्हणाली.

मावशी पोराकडे वळली. “तू बोल. तुझ्या तोंडात काय आहे?”

“दोन कार्डं असली तर बरंच की,” पोरगा जमिनीकडे बघत म्हणाला. “एकाचं काही झालं तर दुसरं राहील. तसा फायदाच—”

“फायद्याच्या मागे लपू नको. सरळ सांग.”

पोराने मान वर केली. “तिला राहू दे, आई. मलाही… राहू दे.”

इतक्या वर्षांत ‘तू म्हणशील तसं’ यापलीकडे तो आईला पहिल्यांदाच काही म्हणाला होता.

मावशीने चिमणीकडे बघितलं. “तू गं? तू येशील ना आजीकडे जेवायला?”

चिमणीने आईकडे बघितलं, मग आजीकडे. मोठी माणसं का गप्प आहेत ते तिला कळेना. तिला वाटलं, आपल्याला परीक्षेचा प्रश्न विचारलाय. ती शहाण्यासारखी म्हणाली, “आजीचं वेगळं.”

आणि साखरेसाठी जीभ बाहेर काढली.

मिस्त्री बाजेवरून उठला. भिंतीला धरून धरून आला, पोराच्या हातातली पहार घेतली आणि पुन्हा कोपऱ्यात उभी केली. एवढ्यानेच त्याला दम लागला.

पोरगा, सून, चिमणी त्यांच्या दाराने गेली. मावशीने तोंड फिरवून चुलीत लाकडं कोंबली. मग काही केल्या लाकडं पेटेनात तेव्हा मिस्त्रीवर उसळली. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं एवढी पक्की बांधायला? साधी माती लिंपली असती तर कधीच पडली असती!”

“कच्ची असती तरी हेच झालं असतं,” मिस्त्री म्हणाला. “माझ्या भिंतीला कशाला बोल लावतेस? घाल म्हणून तू सांगितलंस.”

तिने फुंकणी उचलली आणि आग धरेपर्यंत फुंकत राहिली.

पुढे काही दिवस ती सुनेशी बोलली नाही. शेतावर जायची ती दुसऱ्या वाटेने. पण माणूस किती दिवस लांबची वाट धरणार? एक दिवस उन्हाने चक्कर येऊन ती वाफ्यातच बसली, तेव्हा सुनेने येऊन तिच्या डोक्यावर पाणी मारलं, तिच्या वाट्याची ओळ खुरपून टाकली आणि परत आपल्या जागी गेली. दोघींत एक शब्द झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून मावशी पुन्हा जवळच्या वाटेने यायला लागली.

*

नव्या कार्डांवर धान्य मिळायचं त्या दिवशी रांग कचेरीच्या कुंपणाबाहेर गेली होती. मावशी आली तेव्हा सून आधीच उभी होती. सुनेच्या मागच्या बाईने मावशीला पुढे ढकललं, “जा, तुमच्या सुनेजवळ उभ्या राहा.” नाही म्हणायला तोंड नव्हतं. मावशी सुनेच्या मागे उभी राहिली. त्यांच्या मागे दोन माणसं सोडून कोंबडीवाली होती. नव्या मर्यादेत तिचंही नाव पुन्हा लागलं होतं, पण ती अजून मान वर करत नव्हती.

खिडकीपाशी पोचल्यावर कारकुनाने दोन्ही कार्डं समोर धरली आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

“घर एकच ना तुमचं? मग हे दोन कशाला? आता गरज नाही त्याची. एकत्र करून देऊ का?”

गावाला सगळं माहीत असतं, तरी माणसाच्या तोंडून ऐकायची हौस फिटत नाही. बायांनी माना पुढे केल्या. सुनेची मान लाल झाली. तिने तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर येईना. आता ती जे बोलेल ते संध्याकाळपर्यंत विहिरीवर पोचणार होतं, आणि तिथून तिच्या आईच्या दारापर्यंत.

मावशीने मागून हात घालून आपलं कार्ड त्याच्या पुढ्यात सरकवलं.

“आमचं वेगळं आहे,” ती म्हणाली. “मीच काढलंय वेगळं. माझं माझ्या हातचंच मला लागतं, दुसऱ्याचं गोड लागत नाही. दोन पोती द्या.”

“ठीक आहे,” कारकून म्हणाला आणि शिक्का मारला.

मागे कोणीतरी हळूच म्हणालं, “बघा, मला वाटलं सुनेनेच काढलं असेल.” सुनेने ऐकलं. मावशीनेही ऐकलं.

बाहेर दोन पोती शेजारी शेजारी पडली. सुनेने आपलं उचलून डोक्यावर घेतलं. मावशी आपल्यावर वाकली, तेवढ्यात सून म्हणाली, “तुमचं पण द्या वर.”

“उचलते मी. अजून हात मोडले नाहीत माझे.”

“द्या हो, आत्याबाई.”

शिपायाने हात लावला आणि दुसरं पोतं पहिल्यावर चढवलं. सुनेची मान जरा दबली, मग ताठ झाली. ती पुढे चालायला लागली. मावशी रिकाम्या हातांनी तिच्या मागून. वाटेत धूळ उडत होती, दोन्ही बाजूंची रानं उघडी पडली होती आणि सुनेच्या घोट्यांवर घामाचे ओघळ उतरत होते. मावशीच्या पोटात बोलायचं खूप होतं. एकदा ती “थांब जरा, दमली असशील” एवढंच म्हणाली. सून “नाही” म्हणाली.

अंगणात आल्यावर सून आधी अलीकडच्या दारात गेली. गुडघे वाकवून तिने वरचं पोतं मिस्त्रीच्या बाजेशेजारी अलगद उतरवलं. मग खालचं तसंच डोक्यावर धरून अंगणातून फिरून पलीकडच्या दारात गेली आणि चिमणीला हाक मारून जेवायला बसवलं.